वस्त्रनिग्रही

कपड्यांच्या बाबतीत मनुष्यजातीचे दोन वर्ग पाडण्याची वहिवाट फार जुनी आहे: ज्यांना कपड्यांचा सोस आहे असे, आणि ज्यांना तो नाही असे. पहिल्या वर्गाची टिंगल आणि दुसऱ्याची स्तुती करून आजवर पुष्कळ निबंधकारांनी आपापली पाने भरली. परंतु या दोहोंच्या मधोमध वावरणारा, संख्येने सतत वाढत असलेला आणि तरीही कोणत्याही शिरगणतीत न सापडणारा असा एक तिसरा वर्ग आहे, त्याच्याकडे मात्र कोणाचे म्हणावे तसे लक्ष गेलेले दिसत नाही. हा वर्ग म्हणजे कपडे विकत न घेण्याचा संकल्प केलेल्यांचा. सोस असलेला मनुष्य दुकानात जातो, कपडा घेतो आणि घरी येऊन विसरतो. सोस नसलेला दुकानाची पायरीच चढत नाही. पण आपल्या सोसाला कायद्याच्या चौकटीत बसवण्याचा ज्याने विडा उचलला आहे, असा वस्त्रनिग्रही दिवसाचा जितका वेळ कपड्यांच्या चिंतनात घालवतो, तितका लक्ष्मी रस्त्यावरचा गादीवर बसलेला कापडव्यापारीही घालवीत नसेल.

या वर्गात केवळ स्त्रियाच असतात, हा समज विनोदी लेखकांनी आपल्या सोयीखातर रूढ केला आणि वाचकांनी तो तपासून न पाहता मंजूर केला. आमच्या पाहण्यातला या जातीचा सर्वांत अव्वल नमुना पुरुष आहे. आमच्याच गल्लीत, दोन घरे सोडून राहतो. आणि त्याची उभी हयात सरकारी लेखापरीक्षेत, म्हणजे नगरपालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या हिशेबांतून नसते ते खर्च उकरून काढण्यात गेली आहे. दुसऱ्याच्या दफ्तरातील पाच रुपयांचा फरक ज्याला रात्री झोपू देत नाही, अशा माणसाच्या स्वतःच्या कपाटात एकदाही अंगाला न लागलेले शर्ट डझनावारी असावेत, यात विसंगती आहे असे वाचकास वाटेल. तशी ती नाही, हे पुढे ओघाने दिसेलच.

या गृहस्थांचा विषय शर्ट. विजारीविषयी ते उदासीन, पादत्राणांविषयी तर जवळजवळ विरक्त. परंतु शर्टाचे कापड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून, डोळे किंचित मिटून, ते असे काही चाचपतात की शेजारी उभ्या असलेल्या माणसाने आवाज खाली आणावा. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर, आणि म्हणून नंबर जितका चढा तितके सूत तलम, हे ज्ञान त्यांनी कोणत्या सरकारी परिपत्रकातून मिळवले कोण जाणे. पण साठ नंबर आणि शंभर नंबर यांतला फरक ते अंधारातही सांगतील. पॉपलिन, केंब्रिक, टू बाय टू, लिनन ही नावे ते उच्चारू लागले की इतरांना ती आपल्या नातेवाइकांची असावीत असा भास होतो.

संकल्पाचे निमित्त असे झाले, की एका दुपारी त्यांच्या कपाटातील हँगर अडकवण्याची दांडी दोन्ही बाजूंच्या खिळ्यांसकट निखळून खाली आली. आवाज ऐकून स्वयंपाकघरातून काकू आल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिले, दांडीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “अहो, दांडी लोखंडाची होती.”

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने यावर खजील होऊन चार दिवस दुकानाकडे पाठ फिरवली असती आणि पाचव्या दिवशी सर्व विसरून गेला असता. परंतु ज्याची बुद्धी तीसपस्तीस वर्षे नियमपुस्तिकांवर पोसली गेली आहे, त्याला पश्चात्ताप हा मोघम प्रकार मानवत नाही. त्याला मसुदा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी ताव घेतला, समास आखला आणि एक एप्रिलपासून अमलात येणारा नियमसंग्रह सिद्ध केला. कपडे या लेखाशीर्षाखाली वार्षिक तरतूद रुपये १२,०००. तयार शर्टाच्या प्रत्येक खरेदीस पूर्वमंजुरी आवश्यक. मंजुरी देणारा सक्षम अधिकारी, पत्नी. आणि नोंद त्याच दिवशी कीर्दीत घेणे बंधनकारक. नियम कडक होते, निःसंदिग्ध होते, आणि त्यांच्याखाली ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारी सात पोटकलमे होती. काकूंनी चष्मा लावून फक्त वरचा भाग वाचला व सही केली. राज्यकारभारात असे पुष्कळ वेळा होते.

आता येथे या माणसाच्या स्वभावातील मर्म सांगितले पाहिजे, कारण ते न कळल्यामुळे काकूंनाही पहिली दोन वर्षे फुकट घालवावी लागली. हा गृहस्थ नियम मोडत नाही. मोडणे त्याला शक्यच नाही. चौकातला लाल दिवा रात्री दोन वाजताही पाळणाऱ्यांपैकी तो आहे. तो फक्त नियमात तरतूद शोधतो, आणि ज्याने आयुष्यभर इतरांनी शोधलेल्या तरतुदी पकडल्या, त्याला त्या कोठे लपलेल्या असतात हे सांगावे लागत नाही. बंदी तयार शर्टावर होती. तेव्हा शर्टपीस हा ‘कच्चा माल’ ठरला आणि शिंप्याकडची शिलाई ‘मजुरी’त गेली. शिवून आलेला शर्ट विकत घेतलेला नसल्यामुळे त्याची खरेदीत नोंद होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पाडवा, दसरा आणि दिवाळी या तिन्ही प्रसंगी त्यांनी स्वतःस रीतसर सण अग्रिम मंजूर केले, दहा समान मासिक हप्त्यांत वसूल करण्याच्या अटीवर.

“कुणाकडून वसूल करणार?” काकूंनी विचारले.

“माझ्याकडून.”

“आणि दिलं कुणी?”

“मीच. पण अगं, खाती वेगळी आहेत.”

लक्ष्मी रस्त्यावर आषाढातले सेल लागले म्हणजे या माणसाची गाठ घेण्यासारखी असते. आषाढात लग्ने नसतात, मुहूर्त नसतात, पावसाने गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, म्हणून व्यापाऱ्याने पडून राहिलेला माल उतरत्या भावाने काढावा, हे या सेलमागचे साधे व्यापारी कारण. परंतु आमच्या शेजाऱ्यांना त्यात सार्वजनिक हिताची काही योजना दिसते आणि तिची पाहणी करणे ते आपले कर्तव्य समजतात. अशाच एका पाहणीत आम्ही योगायोगाने त्यांच्याबरोबर होतो.

“या साहेब, बसा. नुसतं बघा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही,” मालक म्हणाले. पुण्यात दुकानदार इतके आर्जवाने बोलू लागला की समजावे, गिऱ्हाईक जुने आहे.

पांढऱ्यावर फिकट निळ्या रेघांचा एक लिननचा शर्ट बाहेर आला. भाव सव्वीसशे, अधिक कर.

“कर किती?”

“अडीच हजारांच्या वर अठरा टक्के, साहेब. त्याच्या आत पाच.”

सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात कपड्यांच्या बाबतीत ही अडीच हजारांची सीमारेषा आखली गेली आहे, हे आमच्या शेजाऱ्यांना अर्थातच पाठ होते. त्यांनी ते दुकानदाराच्या तोंडून केवळ पंचासमक्ष वदवून घेतले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. २,६०० रुपयांच्या एका शर्टावर कर ४६८. तशाच रेघांचा चोवीसशेचा शर्ट घेतल्यास त्यावर कर १२०. आणि असे दोन घेतल्यास २४०. म्हणजे एकाऐवजी दोन शर्ट घेतल्याने सरकारात जाणारे २२८ रुपये वाचतात. हिशेबात एका पैचीही चूक नव्हती. मालकांनी आदराने मान डोलावली; त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात हा युक्तिवाद त्यांना सुचला नव्हता, आणि यापुढे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला जाईल हे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते.

घरी आल्यावर त्यांनी वर्दी दिली, “अगं, दोनशे अठ्ठावीस रुपये वाचवले.”

“बरं. द्या इकडे.”

यावर ते जे काही बोलले त्यात ‘अनुमानित बचत’ हा शब्द दोनदा आला. काकूंनी पावती उलगडून बेरीज पाहिली, पाच हजार चाळीस, आणि ती पुन्हा जशीच्या तशी घडी घालून त्यांच्या हातात ठेवली.

खर्चाला आळा घालण्याच्या ज्या नवनव्या युक्त्या हल्लीची सुशिक्षित मंडळी एकमेकांस सांगत असतात, त्या सर्व या गृहस्थांनी प्रामाणिकपणे अमलात आणल्या आहेत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मोबाइलवर आवडलेली वस्तू लगेच न घेता कार्टमध्ये टाकून तीस दिवस थांबावे, तेवढ्या अवधीत तिची ओढ आपोआप ओसरते, असे कोणीतरी त्यांना सांगितले. युक्ती चांगली आहे. आमच्या मुलीला तिचा उपयोग झालेला आहे. पण सांगणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, की प्रलंबित प्रकरण हा शब्द कानी पडला तरी या माणसाचा रक्तदाब वाढतो. कार्टमध्ये शर्ट पडला की ते रोज सकाळी चहाबरोबर तो उघडून पाहत. दर आठवड्यास त्यावर शेरा मारीत. मध्येच ‘फक्त एकच नग शिल्लक’ असा निरोप येई, त्यास ते तगादा म्हणत आणि बाणेदारपणे दुर्लक्ष करीत. आणि तिसावा दिवस उलटला म्हणजे, इतके दिवस रखडलेले प्रकरण आणखी रखडू देणे प्रशासनास शोभत नाही या भावनेने, एकतिसाव्या दिवशी सकाळी ते निकाली काढीत. निकाल नेहमी अर्जदाराच्या, म्हणजे शर्टाच्या, बाजूने लागे.

हँगर उलटे टांगण्याचीही एक युक्ती आहे. सर्व हँगर उलट्या बाजूने अडकवावेत, कपडा घालून झाला की तेवढा सुलट करावा, आणि वर्षाअखेर जे उलटेच राहिले असतील ते कपडे आपल्याला नकोत असे समजून काढून टाकावेत. आमच्या शेजाऱ्यांनी वर्षाअखेरीच्या आदल्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शर्ट बदलले. जेवताना त्यांच्या अंगात फिक्कट पिवळा होता, दुपारच्या चहाला करडा, आणि गल्लीत भाजीवाला आला तेव्हा गडद निळा. एकही हँगर उलटा राहिला नाही.

परंतु ‘एक आला तर एक जाईल’ या नियमाने जो इतिहास घडवला, त्यापुढे हे सारे किरकोळ. नवा शर्ट घरात आला की एक जुना बाहेर गेलाच पाहिजे, हे कलम काकूंच्या आग्रहावरून घातले गेले होते, आणि त्यात मेख नव्हती असे प्रथम सर्वांनाच वाटले. कपडे द्यायचे कोणाला? तर बोहारणीला. पाटी घेऊन येणारी, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ही बाई आमच्या गल्लीत पूर्वी महिना दीड महिन्याने येत असे व नऊवारी जरीची साडी निघण्याच्या आशेने चार घरी घासाघीस करून जेमतेम एक वाटी खपवून जात असे. आता तिच्यापुढे शर्ट येऊ लागले. तिने पहिला उलगडला, कॉलरच्या आतली बाजू पाहिली, बटणे मोजली आणि क्षणभर संशयाने वर पाहिले.

“साहेब, ह्याची तर घडीबी मोडली न्हाई. चोरीचा न्हाई न्हवं?”

आयुष्यात प्रथमच स्वतःची कैफियत देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ती त्यांनी मूळ पावतीसह दिली. बोहारणीने पावती उलटीसुलटी केली आणि दोन शर्टांवर एक झाकणाचा डबा पुढे सरकवला. पुढील आठवड्यात ती पुन्हा आली. त्याच्या पुढील आठवड्यात जावेला बरोबर घेऊन आली. डबे आले, पातेली आली, चाळण्या आल्या, इडलीपात्र आले, ज्याचे नाव कोणास सांगता येईना असे एक भोकाभोकांचे भांडे आले. सरकारी रिवाजाप्रमाणे त्यांनी जडवस्तूंची स्वतंत्र नोंदवही उघडून प्रत्येक भांड्यावर क्रमांक घातला. स्वयंपाकघरातील मांडणी पुरेनाशी झाली तेव्हा नवी मांडणी करवून घ्यावी लागली, व तिचा खर्च ‘गृहसुधारणा’ या सदरात पडला. कपड्यांचे लेखाशीर्ष या अवधीत अगदी निर्मळ राहिले. काकूंचा मात्र नाइलाज झाला. भांड्यांविरुद्ध त्यांना काही बोलता येईना, कारण इडलीपात्र चांगले होते.

त्यातून कधी हातमागाचे प्रदर्शन भरले म्हणजे प्रकरण काटकसरीच्या पातळीवरून एकदम राष्ट्रकार्याच्या पातळीवर जाई. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी हे स्वतः कातलेल्या सुताच्या खादीत गेले होते. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यास स्वदेशीचा पुकारा झाला, आणि त्याच तारखेस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिवस पाळला जातो. १९०५ च्याच ऑक्टोबरात आपल्या पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली: हा सर्व वृत्तान्त ते प्रदर्शनास निघण्यापूर्वी पायात चपला सरकवता सरकवता सांगत. विणकराच्या पोटावर पाय देऊन केलेली बचत ही बचत नव्हे, असे ते म्हणत, आणि या वाक्यातील तात्पर्याशी आम्ही मनापासून सहमत आहोत. फक्त सार्वजनिक काकांनी दरबाराकरिता किती सदरे शिवले होते याचा तपास व्हावयास हवा. काकू दारापर्यंत येत आणि म्हणत, “होळीचं आपल्या घरीही बघा ना. जागा तरी होईल.”

मार्चअखेरीस या गृहस्थांच्या घराला कचेरीची कळा येई. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या ध्यानात येई, की तयार कपड्यांच्या मूळ बारा हजारांपैकी नऊ हजारांहून अधिक रक्कम अखर्चित आहे, कारण वर्षभरातील शर्ट कच्चा माल, मजुरी, सण अग्रिम आणि राष्ट्रकार्य अशा निरनिराळ्या वाटांनी आलेले असत. एकतीस मार्चपर्यंत निधी खर्ची पडला नाही तर तो व्यपगत होतो, आणि यंदा खर्च कमी दिसला तर पुढील वर्षी तरतुदीला कात्री लागते, हे सत्य ज्याने प्रत्येक जिल्ह्यात प्रत्यक्ष पाहिले आहे, तो स्वतःच्या घरात ते कसे घडू देईल? इतरांच्या मार्चमधील खरेदीवर त्यांनी सेवाकाळात जे कठोर परिच्छेद लिहिले, ते त्यांचे हस्ताक्षर अद्याप तालुक्यातालुक्यांतून घाबरत वाचले जाते. पण घरी ते वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, घामाघूम होऊन, कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने जिना चढत. एका वर्षी खर्च ११,९९८ रुपयांचा झाला. उरलेल्या दोन रुपयांची त्यांना रुखरुख लागली होती, आणि “रुमाल दोन रुपयांत कुठे मिळतो?” असे त्यांनी आम्हांस गांभीर्याने विचारले होते.

अखेर काकूंनी शस्त्र ओळखले. त्यांनी भांडण सोडले, रागावणे सोडले आणि एका कोऱ्या वहीत, समास आखून, लेखाआक्षेप लिहिला: सर्व सदरे एकत्र करता वर्षातील प्रत्यक्ष वस्त्रखर्च मंजूर तरतुदीच्या तिपटीहून अधिक दिसतो, तरी खुलासा व्हावा. आक्षेप वाचून आमच्या शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. लग्नाला तीस वर्षे होऊन गेल्यावर पत्नीच्या अंगचा हा गुण आपल्याला आज दिसला, असे ते सद्गदित होऊन म्हणाले. त्यांनी आठ दिवस खपून अनुपालन अहवाल तयार केला. काकूंनी त्यावर ‘खुलासा समाधानकारक नाही, परिच्छेद कायम’ असा शेरा दिला. त्यांनी पुन्हा उत्तर दिले. या पत्रव्यवहारात तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत त्यांना दुकानाकडे फिरकण्यास सवड मिळाली नाही. खर्चास खराखुरा आळा बसल्याचा एवढाच कालखंड उपलब्ध दफ्तरात आढळतो.

मग अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली आणि ते सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि सफारीचे कापड दिले. ते ‘विनामूल्य आवक’ म्हणून जमेस आले. निवृत्तिवेतनाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात त्यांनी कपड्यांची तरतूद लाक्षणिक केली, रुपया एक. आम्ही या कठोरपणाबद्दल आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा ते म्हणाले, “आता घालून जायचं कुठे?” कपाटात नवी दांडी होती, दांडीवर कचेरीत जाण्याजोगे शर्ट होते, आणि कचेरी नव्हती. काही दिवस ते दूध आणायला इस्त्रीचे लिनन घालून जात. पुढे तेही थांबले. एकदोनदा बोहारीण येऊन जिन्यात बसून, हाक मारून, रिकाम्या पाटीने परत गेली.

आणि नोव्हेंबर आला. या महिन्यात निवृत्तिवेतनधारकाने बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची खात्री पटवावयाची असते. हयातीचा दाखला देण्यासारखा सोहळा वर्षात दुसरा नाही, असे मानून आमचे शेजारी त्या दिवशी पांढऱ्यावर फिकट निळ्या रेघांच्या, घडी न मोडलेल्या शर्टात बँकेत गेले. रांगेत त्यांच्या पुढे पाटबंधारे खात्यातले एक, मागे शिक्षण खात्यातले एक, आणि त्यांच्याही मागे महसुलातले एक उभे होते. खिडकीतल्या मुलीने सही तपासता तपासता वर पाहिले आणि म्हणाली, “काका, शर्ट छान आहे हो. बाबांना बघायचा होता. कुठून घेतलात?”

त्यांनी दुकानाचे नाव सांगितले, सुताचा नंबर सांगितला, अडीच हजारांची सीमारेषा सांगितली आणि ४६८ विरुद्ध २४० हा हिशेब पावतीच्या पाठीवर करून दाखवला. तो पाटबंधाऱ्यांनी पाहिला, शिक्षणाने पाहिला. महसुलाने पुन्हा मांडून पाहिला व बरोबर असल्याचे सांगितले. रांग खोळंबली. दाखले होताच चौघेही रिक्षाने लक्ष्मी रस्त्यास गेले. आमच्या शेजाऱ्यांचा हेतू केवळ दुकान दाखवण्याचा होता. तेथे तीन शर्टांवर एक मोफत अशी योजना चालू होती. तिघांनी एकेक घेतला. चौथा कोणी घ्यावा यावर थोडी चर्चा झाली आणि मार्गदर्शनाबद्दल तो सर्वानुमते मार्गदर्शकास देण्यात आला.

त्या दिवसाची कीर्द काकूंनी आम्हांस मुद्दाम आणून दाखवली. हस्ताक्षर नेहमीसारखेच वळणदार होते. कपडे : खर्च निरंक.